डिझेल गाडीचा फ्युएल टेम्परेचर सेन्सर खराब झालाय का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना ‘रेल’ नावाच्या एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल पुरवणारी) डिझेल गाडी चालवणाऱ्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांची कथा सारखीच असते: चेक इंजिनचा दिवा लागला, गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला, सेन्सर बदलला आणि आठवड्याभरात तोच कोड परत आला. म्हणून खालच्या सगळ्या उत्तरांत एकच क्रम पाळला आहे. आधी स्कॅनरवरचा आकडा बघायचा, मग वायरिंग, मग सेन्सर. पंप आणि इंजेक्टरकडे वळायचे ते सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला की खिशाला भोक पडते.

१. हा सेन्सर करतो तरी काय? इंजिनचे तापमान मोजायला दुसरा सेन्सर आहे ना?

आहे, पण तो कूलंटचे तापमान मोजतो. हा डिझेलचे मोजतो. डिझेल तापले की फुगते आणि पातळ होते. तापमान ४० अंशांनी वाढले, तर तेवढ्याच वजनाचे डिझेल साधारण ३ टक्के जास्त जागा घेते. इंजेक्टर काही वजन करून डिझेल देत नाही, तो ठरावीक दाबाला ठरावीक वेळ उघडतो. त्यामुळे गरम डिझेलात त्याच वेळेत कमी वजनाचे इंधन आत जाते. ही तफावत भरून काढायला ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, डिझेलचे तापमान कळावे लागते.

दुसरे काम त्याहून महत्त्वाचे आहे. हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर यांना वेगळे ऑइल नसते, त्यांचे वंगण म्हणजे डिझेलच. ते फार तापून पातळ झाले की आतले भाग एकमेकांवर घासू लागतात. म्हणून तापमान मर्यादेबाहेर गेले की ईसीयू ताकद कमी करून पंपाला वाचवतो.

२. बॉनेट उघडून शोधला, सापडत नाही. कुठे असतो?

गाडीगणिक जागा वेगळी. टोयोटाच्या डी-४डी इंजिनांत डेन्सोच्या पंपावरच असतो, आणि टोयोटाच्या वायरिंग डायग्रॅममध्ये त्याला ‘टीएचएफ’ म्हणतात. डेल्फीचा पंप असलेल्या १.५ डीसीआय इंजिनांतही तो पंपावर सापडतो. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या डायग्रॅममध्ये ‘जी८१’ असे लिहिलेले दिसले तर तो हाच. काही गाड्यांत तो डिझेल फिल्टरच्या डोक्यावर किंवा रिटर्न पाइपवर (उरलेले डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या पाइपवर) असतो.

ओळखायची सोपी खूण म्हणजे दोन वायरींचा छोटा कपलर (वायरी जोडणारा प्लग). रेलच्या टोकाला तीन वायरींचा दिसतो तो प्रेशर सेन्सर, त्याला हात लावू नका. फिल्टरच्या बुडाशी असतो तो बहुधा पाणी ओळखणारा सेन्सर. फिल्टरवर हीटरचाही कपलर असू शकतो आणि त्यात १२ व्होल्ट असतात, त्यामुळे वायरींचे रंग डायग्रॅमशी ताडून मगच पुढे जा.

३. माझी गाडी पेट्रोल किंवा सीएनजी आहे. मला हे लागू होते का?

फारसे नाही. आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत इंधनाच्या तापमानाला स्वतंत्र सेन्सर नसतो. सीएनजीच्या सिक्वेन्शियल किटमध्ये गॅसचे तापमान मोजणारा सेन्सर असतो, पण त्याचे काम आणि आकडे वेगळे. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल गाड्यांत ईसीयूच नसतो, तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

४. सेन्सर गेला तर गाडीत काय जाणवते?

खूपदा दिव्याशिवाय काहीच जाणवत नाही. सिग्नल चुकीचा आहे हे ओळखले की ईसीयू तो बाजूला ठेवतो आणि एक ठरावीक आकडा धरून चालतो, किंवा इतर सेन्सरांवरून अंदाज बांधतो. त्यामुळे गाडी चालत राहते.

लक्षणे जाणवतात ती सेन्सर धडधडीत न मरता खोटे बोलू लागतो तेव्हा. थंडीत सेल्फ जास्त मारावा लागतो, आयडलिंग किंचित हलते, अ‍ॅव्हरेज थोडे घसरते, काही वेळा धूर वाढतो. डिझेल प्रत्यक्षात थंड असून सेन्सर ते उकळते दाखवत असेल, तर ईसीयू विनाकारण ताकद कापतो आणि घाटात गाडी ओढत नाही.

पण इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. गाडी धावता धावता बंद पडते, सुरूच होत नाही किंवा जोरात मिसिंग करते, तर केवळ या सेन्सरवर खापर फोडू नका. डिझेल फिल्टर, एअर धरणे (डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरणे), रेल प्रेशर, इंजेक्टर हे सगळे आधी तपासा.

५. स्कॅनरवर आलेल्या कोडचा अर्थ काय?

पी०१८० म्हणजे सर्किटमध्ये काहीतरी बिघाड, इतकेच. पी०१८२ म्हणजे सिग्नलचे व्होल्टेज फार कमी. पी०१८३ म्हणजे फार जास्त. पी०१८४ म्हणजे सिग्नल मध्येच येतो, मध्येच जातो. पी०१८१ म्हणजे सिग्नल येतोय, पण पटण्यासारखा नाही (प्रश्न १२). पी०१८५ ते पी०१८९ हे याच अर्थाचे, पण दुसऱ्या सेन्सरचे. पी०१६८ ची जात निराळी. तो सेन्सरबद्दल तक्रार करत नाही, डिझेल खरोखर तापलेय असे सांगतो (प्रश्न १३).

यातला कुठलाही कोड ‘सेन्सर बदला’ असे म्हणत नाही. सर्किटमध्ये सेन्सर, कपलर, दोन वायरी आणि ईसीयू एवढे सगळे येते.

६. व्होल्टेज ‘जास्त’ असेल तर तापमानही जास्त ना?

उलटे. हा सेन्सर एनटीसी प्रकारचा असतो, म्हणजे तापला की त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) कमी होतो. ईसीयू आतून एका रेझिस्टरमार्फत ५ व्होल्ट पाठवतो आणि सेन्सर त्यातला काही भाग अर्थकडे (बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूकडे) ओढतो. डिझेल थंड, तर रेझिस्टन्स जास्त आणि व्होल्टेजही जास्त. डिझेल गरम, तर दोन्ही कमी.

म्हणून वायर तुटली किंवा कपलर निघाला की व्होल्टेज ५ च्या जवळ जाते आणि स्कॅनर उणे ४० अंश दाखवतो. सिग्नलची वायर अर्थला चिकटली की व्होल्टेज शून्याजवळ येते आणि स्कॅनर १२० च्या वरचा आकडा दाखवतो. महाराष्ट्रात उणे ४० अंशांचे डिझेल मिळत नाही, त्यामुळे तो आकडा दिसला की सर्किट तुटलेय हे नक्की समजा. या एका उत्तरावर पुढच्या सगळ्या चाचण्या उभ्या आहेत.

७. घरी करण्यासारखी पहिली चाचणी कोणती?

रात्रभर उभी राहिलेली गाडी. याहून स्वस्त आणि भरवशाची चाचणी मला माहीत नाही. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करा आणि स्कॅनरवर कूलंट, आत येणारी हवा आणि डिझेल ही तीन तापमाने बघा. रात्रभरात सगळे एका पातळीवर आलेले असते, त्यामुळे तिन्ही आकडे एकमेकांच्या पाचेक अंशांच्या आत असायला हवेत. डिसेंबरात पुण्यात कूलंट १४, हवा १३ आणि डिझेल ४१ असे दिसले, तर तिसरा खोटे बोलतोय.

मग इंजिन सुरू करून अर्धा-पाऊण तास गाडी चालवा. डिझेलचा आकडा हळूहळू, न अडखळता चढला पाहिजे. एकदम २० अंशांची उडी मारून खाली आला, तर संपर्क ढिला आहे (प्रश्न ११).

मोबाइलला जोडायच्या स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरवर कोड वाचता येतो, पण डिझेलचे तापमान अनेकदा दिसत नाही. ते कंपनीच्या स्वतंत्र डेटात असते. अशा वेळी त्या मेकसाठीचा स्कॅनर असलेले गॅरेज गाठा आणि लाइव्ह डेटा दाखवायला सांगा.

८. आकडा चुकतोय हे कळले. सेन्सर दोषी की वायर, हे कसे ठरवायचे?

कपलर काढून. इंजिन बंद, इग्निशन ऑन, नजर स्कॅनरवर.

समजा पी०१८३ आहे आणि आकडा उणे ४० वर अडकलाय. सेन्सरचा कपलर काढा आणि वायरिंगकडच्या दोन पिना बारीक तारेने जोडा. मात्र तार लावण्याआधी प्रश्न ९ मधले व्होल्ट मोजून घ्या, १२ व्होल्ट असतील तर जोडायचे नाही. तार लावल्यावर आकडा १२० च्या वर गेला, तर वायरिंग आणि ईसीयू ठणठणीत आहेत. दोष सेन्सरचा किंवा त्याच्या पिनांचा. तरीही उणे ४० च राहिला, तर कुठलीतरी वायर तुटली आहे आणि नवा सेन्सर आणून उपयोग नाही.

आता पी०१८२ समजा, म्हणजे आकडा वर अडकलाय. नुसता कपलर काढा. आकडा उणे ४० वर कोसळला, तर सेन्सर आतून शॉर्ट आहे. नाही कोसळला, तर सिग्नलची वायर वाटेत कुठेतरी अर्थला चिकटली आहे.

एक अडचण इथे अनेकांना चकवते. काही ईसीयू बिघाड नोंदवला की स्कॅनरवर खरा आकडा दाखवायचे बंद करतात आणि स्वतःचा ठरावीक आकडा दाखवत राहतात. कपलर काढा, जोडा, तो ढिम्म हलत नाही, आणि वाटते ईसीयूच गेला. अशा गाडीत सेन्सरचे व्होल्टेज स्कॅनरवर मिळत असेल तर ते बघा. नाहीतर कोड पुसा, कपलर काढा, इग्निशन बंद करून परत ऑन करा आणि कोणता कोड येतो ते वाचा. मग तार जोडून तेच करा. पहिल्या वेळी पी०१८३ आणि दुसऱ्या वेळी पी०१८२ आला, तर वायरिंग नीट आहे.

तार लावताना पिना फाकवू नका. जाड टोक घुसवून ढिल्या झालेल्या पिना हे परत येणाऱ्या कोडचे मोठे कारण आहे.

९. मल्टिमीटरने वायरिंग कशी तपासायची?

मीटर डीसी व्होल्टवर. कपलर सेन्सरपासून सुटा, इग्निशन ऑन. वायरिंगकडच्या दोन पिनांमध्ये साधारण ५ व्होल्ट मिळाले, तर दोन्ही वायरी ईसीयूपर्यंत पोचताहेत.

नाही मिळाले, तर मीटरचे काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि लाल टोकाने एकेक पिन बघा. एका पिनवर ५ व्होल्ट आहेत, पण दोन पिनांमध्ये शून्य येते, म्हणजे अर्थची वायर तुटली आहे. कुठल्याच पिनवर ५ नाहीत, तर सिग्नलची वायर तुटलीय किंवा अर्थला लागलीय. ५ ऐवजी १२ व्होल्ट आले, तर शेजारच्या वायरीचे आवरण घासून ती याला चिकटली आहे. तिथेच थांबा, नवा सेन्सर लावायची घाई करू नका.

वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासायची असेल, तर बॅटरीचे निगेटिव्ह काढून, ईसीयूचा कपलर सोडवून मगच ओहमवर मोजा. ईसीयू जोडलेला ठेवून घेतलेले ओहमचे आकडे फसवे असतात.

१०. सेन्सरचा रेझिस्टन्स किती यायला हवा?

तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असेल तो आकडा अंतिम. अनेक गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या बॉश पद्धतीच्या सेन्सरात २० अंशांना सुमारे २.५ किलोओहम, ४० ला १.२ च्या आसपास, ६० ला ६०० ओहम आणि ८० ला ३२० ओहम मिळतात. थोडा इकडचा तिकडचा फरक चालतो. अनंत रेझिस्टन्स किंवा शून्य आले, तर सेन्सर गेलाच.

एकाच तापमानाला घेतलेला आकडा मात्र पुरेसा नाही. आतून झिजलेला सेन्सर थंडीत बरोबर आणि गरमीत चूक असू शकतो. सेन्सर बाहेर काढलेलाच असेल, तर त्याचे टोक गरम पाण्यात बुडवा (कपलरची बाजू कोरडी ठेवून), शेजारी थर्मामीटर ठेवा आणि पाणी निवताना तीन-चार ठिकाणी आकडे लिहून घ्या. रेझिस्टन्स सलग वाढत गेला पाहिजे.

११. सगळे आकडे बरोबर येतात, तरी कोड अधूनमधून परत येतो. पावसाळ्यात जास्त. का?

कारण दोष कपलरमध्ये किंवा वायरीत आहे आणि तो तुम्ही मोजता तेव्हा लपलेला असतो. कोकणात, समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत कपलरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. इंजिन प्रेशरने धुतले की कपलरच्या रबरातून पाणी आत जाते. पंपाजवळची वायर कंपनाने ब्रॅकेटला घासते. आणि उंदीर! पावसाळ्यात ऊब शोधत ते बॉनेटखाली येतात आणि वायरींची आवरणे कुरतडतात. वरून दाताची एक खूण दिसते, आत तांबे अर्धे तुटलेले असते.

तपासायची रीत अशी: इंजिन आयडलिंगवर, एक जण स्कॅनरवर डोळा ठेवून, दुसरा कपलरपासून ईसीयूकडे वायरिंग वीतभर अंतरांनी हळूच हलवत जातो. फिरता पट्टा आणि फॅनपासून हात आणि बाह्या लांब ठेवा. जिथे हलवल्यावर आकडा उडी मारतो, तिथली टेप सोडा.

पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, कानशीने घासू नका. फाकलेली पिन बारीक टोचणीने परत घट्ट करता येते. तुटलेली वायर पिळून टेप लावणे हा दोन महिन्यांचा उपाय आहे. सोल्डर करून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

१२. पी०१८१ आलाय, पण वायरिंग आणि रेझिस्टन्स ठीक आहेत. मग?

हा कोड ईसीयू तुलना करून देतो. इंजिन तासभर चालले, कूलंट ८८ वर गेले आणि डिझेल मात्र २४ वरून हलले नाही, तर त्याला शंका येते. त्यामुळे प्रश्न ७ मधली सकाळची चाचणी आणि प्रश्न १० मधली गरम पाण्याची चाचणी या दोन्ही इथे आवश्यक आहेत. आणखी एक शक्यता लक्षात घ्या: सेन्सर खरे बोलतोय आणि ज्याच्याशी तुलना होतेय तो कूलंटचा किंवा हवेचा सेन्सर चुकतोय. तिन्ही आकडे बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

१३. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पी०१६८ आला आणि पिकअप गेला. सेन्सर बदलू?

थांबा. विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हात चालत्या गाडीचे डिझेल ५०-६० अंशांवर असणे नेहमीचेच आहे. आधी इन्फ्रारेड थर्मामीटरने सेन्सरजवळच्या धातूच्या भागाचे तापमान बघा. ते आणि स्कॅनरचा आकडा जवळपास जुळले, तर सेन्सर आपले काम चोख करतोय आणि डिझेल खरेच तापलेय.

ते का तापले? टाकीत डिझेल कमी असेल, तर तेच तेच डिझेल इंजिनातून फिरून परत येते आणि त्याला निवायला वेळ मिळत नाही. टाकी अर्ध्याच्या वर ठेवून बघा, अनेकांचा प्रश्न तिथेच सुटतो. काही गाड्यांत खालच्या बाजूला डिझेलचा छोटा कूलर असतो, तो चिखलाने लिंपलेला असू शकतो. तिसरे कारण खर्चिक आहे. झिजलेल्या इंजेक्टरमधून रिटर्नला जास्त डिझेल पडते, आणि हजार-दीड हजार बारच्या दाबातून सुटून येणारे ते डिझेल चांगलेच तापलेले असते. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला बाटल्या लावून कुठली लवकर भरते ते बघणारी चाचणी चांगला डिझेल मेकॅनिक थोड्या वेळात करून देतो.

१४. याच्याबरोबर कूलंट आणि हवेच्या सेन्सरचेही कोड आले. तिन्ही एकदम गेले का?

असे क्वचितच होते. अनेक गाड्यांत या सेन्सरांची अर्थची वायर पुढे जाऊन एकच होते. ती तुटली की सगळे एकदम उणे ४० दाखवतात. आधी तो सामायिक जोड शोधा. बॅटरी मरायला टेकली असेल, तरी सेल्फ मारताना असंबद्ध कोडांची रांग लागते. बॅटरी तपासून कोड पुसा आणि कोणते परत येतात ते बघा.

१५. २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावला की दिवा जातो असे एकाने सांगितले. चालेल?

तपासणीसाठी उत्तम. बॉश पद्धतीच्या सर्किटमध्ये कपलरला तो लावला की स्कॅनर २० ते २५ अंश दाखवतो, म्हणजे वायरिंग आणि ईसीयू बरोबर मोजताहेत याची खात्री पटते. कायमचा मात्र अजिबात नको. ईसीयूला डिझेल बारा महिने गार वाटेल, प्रश्न १ मध्ये सांगितलेले पंपाचे संरक्षण संपेल, आणि सेन्सरच्या किमतीच्या कितीतरी पट महागडा पंप पणाला लागेल. वापरलेली गाडी घेताना कपलरला टेपखाली असा रेझिस्टर दडवलेला नाही ना, हेही बघून घ्या.

१६. दिवा लागलेला असताना गाडी चालवू का?

कोड फक्त सर्किटचा असेल आणि गाडी नेहमीसारखी ओढत असेल, तर घरी किंवा गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही. ताकद कमी झाली असेल तर घाटात शिरू नका. पी०१६८ असेल तर सावलीत थांबून इंजिन निवू द्या. सेन्सरपाशी डिझेल गळताना दिसले, तर गाडी अजिबात सुरू करू नका.

१७. सेन्सर स्वतः बदलता येतो का? बदलल्यावर गाडी सुरूच होत नाही!

कमी दाबाच्या बाजूला, फिल्टरवर किंवा रिटर्नवर असेल तर येतो. पंपावर असेल तर स्वच्छतेसाठी डिझेलच्या माणसाकडेच द्या, कारण पंपात गेलेला मातीचा एक कण इंजेक्टरपर्यंत पोचतो. इंजिन चालू असताना कुठलीही डिझेल लाइन ढिली करू नका. रेलच्या दाबाने सुटलेली बारीक धार कातडी फोडून आत शिरते आणि तशी जखम दिसायला टाचणीएवढी असली, तरी ताबडतोब हॉस्पिटलमध्ये जावे लागते. इंजिन बंद करून दाब उतरायला वेळ द्या, बॅटरीचे निगेटिव्ह काढा, आजूबाजू पुसून घ्या, नवे सील किंवा वॉशर वापरा.

सुरू होत नाही, याचे कारण बहुधा एअर. फिल्टरवर हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर इग्निशन काही वेळा ऑन-ऑफ करा. लागोपाठ सेल्फ मारत बसू नका, पंप कोरडा फिरतो.

गाडी सुरू झाल्यावर स्कॅनरने कोड पुसा. न पुसताही बिघाड गेला असेल तर काही फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो, पण जुना कोड मेमरीत राहून पुढच्या मेकॅनिकची दिशाभूल करतो.

१८. गॅरेजवाले म्हणतात सेन्सर सुटा मिळत नाही, पंपच बदला. खरे असते का?

काही पंपांच्या बाबतीत कंपनी सेन्सर सुटा विकत नाही, हे खरे आहे. पण तेवढ्यावर होकार देऊ नका. त्यांच्याकडून तीन गोष्टी समोर दाखवून घ्या: सकाळच्या थंड गाडीतले तिन्ही आकडे, कपलर काढल्यावर आणि पिना जोडल्यावर आकडा कसा बदलतो ते, आणि सेन्सरचा रेझिस्टन्स. या तिन्हींत सेन्सर दोषी ठरला, तर चेसिस नंबर देऊन कंपनीच्या पार्ट काउंटरवर एकदा आणि पंपाच्या ब्रँडच्या अधिकृत डिझेल सर्व्हिस सेंटरवर एकदा चौकशी करा. गाडीच्या कंपनीकडे न मिळणारा भाग पंपवाल्यांकडे मिळू शकतो.

बाजारात मिळणारा, तसाच दिसणारा दोन पिनांचा कूलंट सेन्सर मात्र लावू नका. आटे जुळले तरी त्याच्या रेझिस्टन्सचा आलेख वेगळा असू शकतो आणि त्याचे सील डिझेल सोसणारे असेलच असे नाही. जुना पंप दुसऱ्या सेन्सरसह पुन्हा चालू होण्यासारखा असेल, तर तो गॅरेजमध्ये सोडून येऊ नका, परत मागून घ्या.